तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली

आठवड्याचे सहा दिवस मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि सातव्या दिवशी पाळक असतो. आज हे सरळ लिहितोय, पण कित्येक वर्षं हे वाक्य माझ्या तोंडातून निघायचं नाही. कुणी विचारलं, "पाळकसाहेब, इतर दिवशी काय करता?" की मी "भेटीगाठी" असं काहीतरी पुटपुटायचो. ते अगदी खोटंही नव्हतं. लिफ्टमधून सुटलेला माणूस ज्या प्रेमाने माझा हात धरतो, तसं प्रेम मी माझ्या रविवारच्या संदेशानंतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. आजे-पणजे जालना-नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीला हैदराबादला आले आणि त्यांची मराठी उपासना आम्ही तारनाक्याला एका शाळेच्या वर्गात अजून चालवतो. बाकं चौथीच्या मुलांच्या मापाची आहेत, त्यामुळे गुडघे टेकायची वेळ येण्याआधीच अर्ध्या मंडळीचे गुडघे हनुवटीला टेकलेले असतात. तरुण मुलं गीतं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत वाचतात आणि 'ळ' आला की सगळी एकदम खोकतात. एवढ्याशा मंडळीने पाळकाचं घर चालवावं असं मला कधी वाटलं नाही. धर्मशिक्षणाला जाण्याआधी मी लिफ्टचं काम शिकलो होतो, तेच पुन्हा हातात घेतलं. सेवा सोडायची नाही आणि कुणापुढे हातही पसरायचा नाही, एवढं मनाशी पक्कं होतं.

मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, ते तात्या. रेल्वेतून निवृत्त, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. त्यांचं म्हणणं असं की पाळकाने विश्वासाने जगावं. देव कावळ्यांना खायला घालतो, तो पाळकाला घालणार नाही का? जो पाळक पाना-पक्कड घेऊन हिंडतो त्याचा विश्वास कुठेतरी कमी पडतो. वर्गात शिरलो की ते मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "या मिस्त्री. आज इथली कुठली तक्रार बघायला आलात?" लोक हसायचे, मीही हसायचो. मला नक्कल बरी जमते, म्हणून घरी येऊन तात्यांची नक्कल करून आशाला, म्हणजे माझ्या बायकोला, हसवायचो. पण एकटा प्रार्थनेला बसलो की हसू जायचं. हळूहळू मला तात्यांचं म्हणणं पटायला लागलं होतं. मी खरा पाळक आहे की फावल्या वेळात पाळकाचं सोंग करणारा मिस्त्री, हे मी देवाला विचारायचो आणि उत्तर यायच्या आत फोन वाजायचा.

मग दोन रविवार लागोपाठ मला उपासनेला उशीर झाला. दोन्ही वेळा कुणीतरी अडकलं होतं. तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर सभा ठरली आणि विषय एकच, मी पाळक राहायचं की नाही. तात्यांनी आधीच सांगून ठेवलं, "त्या दिवशी दहाच्या ठोक्याला उभे दिसलात तर आपण बोलू. नाही दिसलात तर बोलायचंही कारण नाही."

त्या रविवारी सकाळी फोन बंद ठेवायचा असं मी आशाला कबूल केलं होतं. पावणेआठला तो वाजला. आशाने माझ्याकडे पाहिलं, मी फोनकडे पाहिलं आणि उचलला. बाई रडवेल्या आवाजात बोलत होती. "अन्ना, अम्माकू साढ़े नौ बजे डायलिसिस है. लिफ्ट बंद है. चौथे माले से कैसा उतारना?" अशा वेळी पाळकाने काय करावं हे मला माहीत होतं, आणि मिस्त्रीने काय करावं हेही. गंमत म्हणजे दोघांचं उत्तर एकच होतं. मी हत्यारांच्या पेटीसोबत उपासनेचा पांढरा झगा पिशवीत घेतला आणि निघालो.

जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट. दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून एक स्विच असतो, तोच झिजला होता. नवा बसवायला वेळ लागला असता, म्हणून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मी तारेचा तुकडा जोडून त्या स्विचला बगल दिली. असं करायचं नसतं. केलंच तर लगेच काढायचं असतं. अम्मा खाली उतरल्या, वॉचमनने त्यांना उचलून ऑटोत बसवलं आणि सोबत तोही दवाखान्यात गेला. नऊ वाजून गेले होते. चटकन वर जाऊन तार काढू, स्विच बसवू आणि पावणेदहाला वर्गात उभे राहू, असा हिशोब करत मी लिफ्टमध्ये शिरलो. तिसरा मजला यायला थोडं अंतर असताना वीज गेली.

माझ्या डोळ्यांसमोर तिसऱ्या मजल्याची फरशी होती. खाली भिंत, वर दीड फुटाची फट, आणि फटीतून दिसणारा जिना. मी जाळी बडवली. थोड्या वेळाने फरशीवर दोन चपला आल्या आणि वर पायजम्याचे काठ. आवाज म्हाताऱ्या माणसाचा.

"कौन है अंदर?"

"मिस्त्री हूँ, चचा."

चपला विचारात पडल्या. "मिस्त्री अंदर है तो बाहर कौन है?"

चचा भिंतीकडे वळले. तिथे मी चिकटवलेला कागद होता, लिफ्ट अडकली तर कुठे फोन करायचा तो नंबर लिहिलेला. त्यांनी सावकाश एकेक आकडा म्हणत तो फिरवला आणि माझा खिसा वाजायला लागला. मी उचलला.

"हॅलो, मिस्त्रीसाब? आपकी लिफ्ट में एक आदमी अटकेला है. अपने आप को मिस्त्री बोल रा."

"चचा, वो मैंच हूँ."

मग फोनमधून आणि फटीतून एकाच वेळी प्रश्न आला, "तो फिर कब तक आते?"

एरवी ही गोष्ट मी महिनाभर सांगत फिरलो असतो. त्या क्षणी घड्याळात साडेनऊ झाले होते आणि मला फक्त तात्यांचं वरचं बटण दिसत होतं. मी ठरवलं, आपण बाहेर पडायचं. लिफ्टची किल्ली माझ्याकडे होती, मजल्याचं दार मी आतून उघडलं. झग्याची पिशवी आधी फटीतून वर सरकवली. हत्यारांच्या पेटीवर चढलो, डोकं बाहेर काढलं, एक खांदा काढला. जे करू नका म्हणून मी वीस वर्षं लोकांना ओरडून सांगत आलो, तेच मी करत होतो, आणि तेही देवाच्या कामाला जाण्याच्या घाईत.

तेवढ्यात माझ्या डोक्यावर हात पडला. माझ्या दीक्षेच्या दिवशीही वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवले होते, पण इतक्या जोरात कुणी नव्हता ठेवला. चचांनी मला दाबून परत आत ढकललं.

"अंदर. लिखा है यहाँ. 'अंदर से निकलने की कोशिश मत करो. चुप बैठो. बाहर से मदद आ रही.' पढ़ना नै आता क्या आपकू?"

"चचा, मैंनेच लिखा है वो."

"तो फिर तो सुननाच पड़ता."

मी पेटीवरून खाली उतरलो, थोडा रागातच. आणि वीज आली. दोन सेकंद, फार तर तीन. तळमजल्यावर कुणीतरी बटण दाबलं असावं. दार उघडं असूनही, माझ्याच तारेमुळे, लिफ्ट गचका देऊन खाली गेली आणि वीज पुन्हा गेली. मी वर पाहिलं. दीड फुटाची फट वीतभर उरली होती. माझी मान आणि खांदा मिनिटापूर्वी तिथे होता.

चचा फरशीवर बसले असावेत, कारण आता फटीत त्यांची पांढरी दाढी दिसत होती. ते म्हणाले, "पानी पियेंगे?"

मीही लिफ्टमध्ये खाली बसलो. त्या क्षणाला मी काही नाव देत नाही. चचांना पुढे कितीदा विचारलं, तर ते म्हणतात, लिहिलेलं होतं, मी वाचलं. तिथे बसल्या बसल्या मला एकेक गोष्ट दिसायला लागली. मशीनच्या खोलीची दुसरी किल्ली मी वॉचमनला कधी दिली नव्हती. वीज गेल्यावर हाताने लिफ्ट कशी सरकवायची हे इमारतीतल्या कुणालाच शिकवलं नव्हतं. लोकांनी मलाच बोलवावं, माझीच वाट बघावी, हे मला आवडत होतं. आणि मंडळीत तरी मी वेगळं काय करत होतो? बावीस वर्षांत एकही रविवार दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं नव्हतं. आजारी असलो तरी तापात बोललो. त्याला मी निष्ठा म्हणायचो. मी म्हणालो, "प्रभू, मंडळी तुझी आहे. मला आज येता येत नाही. तू बघ." एवढी छोटी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. मग आशाला फोन लावला.

"अहो, कुठे आहात? तात्या दारात घड्याळ घेऊन उभे आहेत."

"तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली."

"वर जाताय की खाली?"

"ते आता माझ्या हातात नाही. आशा, आज तू बोल."

"मी? काय बोलू?"

"दर शनिवारी माझा संदेश तूच दुरुस्त करतेस. आज मधला मिस्त्री वगळ."

मग फोन दुसऱ्याच हातात गेला आणि तात्यांचा आवाज आला, "पत्ता सांगा."

"तात्या, माझं चुकलं, मी..."

"ते सभेत. आत्ता पत्ता."

दहा मिनिटांत त्यांची स्कूटर खाली वाजली. तात्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते हे मला ऐकून माहीत होतं, पण माझ्या मनात ते कायम कोट घालून बाकावर बसलेलेच असायचे. मी फटीतून मशीनच्या खोलीची किल्ली दिली. चचा आणि तात्या, दोघांचे मिळून चार दुखरे गुडघे, गच्चीवर चढले. आधी मेन स्विच बंद करायचा, मग एकाने ब्रेकचा दांडा धरायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं, असं मी खालून ओरडून सांगितलं. वरून त्यांचं भांडण ऐकू येत होतं.

"हळू धरा हो, लोणचं घालताय का?"

"मैं हल्लूच पकड़ रौं. आप पहिया घुमाओ, भाषण नक्को."

लिफ्ट बोटाबोटाने वर सरकू लागली. मी डोळे मिटून बसलो होतो. त्या प्रवासात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं. मजला आला, मी बाहेर पाऊल टाकलं आणि तसाच गच्चीवर गेलो. तात्या शर्टाच्या बाह्या वर करून मशीनपाशी वाकले होते. हात मनगटापर्यंत काळे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही तार कुणी जोडली?"

"मी."

"कारखान्यात असं केलं असतंत तर मी तुम्हाला गेटबाहेर काढलं असतं."

मी तार काढली, नवा स्विच बसवला. ते स्क्रू हातात देत उभे राहिले. शेवटचा स्क्रू देताना म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचा विश्वास कमी आहे असं मी म्हणायचो. ते मी मागे घेत नाही. देवावर असेल तुमचा. आमच्यावर नाही."

मी तो स्क्रू घट्ट आवळला.

आम्ही वर्गात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. झगा पिशवीतच राहिला. मी मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो. आशा बोलत होती, हातात कागद नाही, पदर खोचलेला, भाकरी थापताना बोलते तशी. लोक मध्येच हसत होते, मध्येच डोळे पुसत होते. डुलक्या घेणारे दोघे म्हातारे, ज्यांना मी माझ्या संदेशाचा कायमचा भाग मानत होतो, ताठ बसून ऐकत होते. गीत एका मुलीने सुरू केलं, तिने 'ळ' तिच्या पद्धतीने म्हटला आणि सगळे तिच्यामागून गायले.

सभेत तात्या उभे राहिले. हात अजून काळेच होते. "पाळक राहतील," ते म्हणाले. "कामही करतील. रविवारी दुपारपर्यंतचे फोन मी घेईन. किल्ली माझ्याकडे द्या." कुणीतरी मागून म्हणालं, "पण तात्या, मग तुम्हाला उपासनेला उशीर होईल."

"होईल," तात्या म्हणाले आणि बसले.

मी आजही सहा दिवस लिफ्ट दुरुस्त करतो. मी खरा पाळक आहे का, हे विचारणं सोडलं आहे. महिन्यातून एका रविवारी आशा बोलते, एका रविवारी तरुणांपैकी कुणीतरी अडखळत बोलतं, आणि मी मागे बसून तोंड बंद ठेवतो, जे माझ्यासारख्याला उपासापेक्षा अवघड आहे. शरण जाणं म्हणजे हात जोडून डोळे मिटणं असं मी लोकांना शिकवत आलो होतो. मला ते दुसऱ्याच्या हाती चाक देऊन खाली गप्प बसण्यात सापडलं. त्या रविवारी माझ्याविना उपासना झाली आणि चांगली झाली. त्याबद्दल मी प्रभूचे आभार मानतो. पहिले काही महिने दात-ओठ खाऊन मानत होतो, आता मनापासून मानतो.