वेलांटीकाका

वेलांटीकाका लग्नपत्रिकासुद्धा शेवटून वाचायला घेत. गिरगावातल्या एका लहानशा छापखान्यात ते प्रुफं तपासायचे. ओळीतला शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या आधीचा, असे उलटे वाचत जायचे. “अर्थ लागायला लागला की चुका दिसेनाशा होतात,” असं त्यांचं म्हणणं. ऱ्हस्वदीर्घाच्या त्यांच्या धाकामुळे छापखान्यातल्यांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि त्या नावाने हाक मारली तरी ते निमूट ओ देत.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. घोडपदेवला चाळीत राहायचो आणि कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम बघायचो. अंकात माझीही एक कविता होती, शिवडीच्या खाडीकाठी कुणाची तरी वाट पाहणारी. लिहिली होती वर्गातल्या एका मुलावर. अंकाला देताना मी सगळीकडे ‘तो’चं ‘ती’ केलं होतं. काकांनी प्रूफ माझ्यापुढे सरकवलं. खालून तिसऱ्या ओळीत ‘हसला’ तसंच राहून गेलं होतं. त्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता.

टेबलाशी आम्ही दोघंच होतो. तरी ते हळू आवाजात म्हणाले, “ही एकच ओळ चुकलीय, की ही सोडून बाकीच्या?”

मी प्रूफ तसंच त्यांच्याकडे परत सरकवलं. त्यांनी ‘हसला’चं ‘हसली’ केलं. “अंकात हे जाऊ दे. मूळ कागद मात्र फाडू नकोस,” एवढं म्हणून ते पुढच्या पानाला लागले.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी फणसवाडीत त्यांच्याकडे जाऊ लागलो. काकांनी लग्न केलं नव्हतं. भाऊ गेल्यावर ते आणि भावजय असे दोघंच त्या दोन खोल्यांत राहत. त्यांना मी काकू म्हणायचो. काकू पोहे देऊन आत जायच्या आणि मी काकांना न बदललेल्या कविता वाचून दाखवायचो. ‘विरह’ शब्द आला की काका हात वर करत. “विरह सगळ्यांनाच होतो. त्याचं तुला काय आठवतं ते सांग.” मी सांगितलं, त्याने घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसणारा गोरा पट्टा. “मग तो लिही ना. विरह कशाला लिहितोस?” मी लिहायला शिकलो तो तिथे.

एकदा विचारलं, “काका, तुम्ही नाही लिहिलंत कधी?”

“लिहायचो. सगळीकडे ‘ती’ घालून. दहाएक वर्षांनी वही उघडली, तर मलाच कळेना, ही बाई कोण.” ते हसले. मला हसू आलं नाही.

पुढे मला नोकरी लागली. दादरला एका छोट्या सभागृहात नव्या कवींचं वाचन होतं, त्यात माझं नाव होतं. या वेळी कविता आहे तशी वाचायची, असं मी काकांपाशी कबूल केलं होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. पण समोर ऑफिसातले चौघं दिसले, आणि वाचता वाचता माझी जीभ आपोआप ‘ती’वर गेली.

कार्यक्रम संपल्यावर जिन्यात एका सहकाऱ्याने विचारलं, “तो मागे बसलेला म्हातारा कोण रे? सारखा तुझ्याकडेच बघत होता. तसलाच वाटतो.”

“असेल,” मी हसून म्हणालो. “मी नाही ओळखत.”

काका माझ्या मागच्याच पायरीवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कठडा धरून, आमच्या बाजूने वाट काढत ते खाली उतरून गेले.

पुढच्या रविवारी जाऊन माफी मागायची ठरवलं. धीर झाला नाही. मग त्याच्या पुढच्या रविवारी. असं करता करता सात-आठ महिने गेले. शेवटी गेलो, तर दार काकूंनी उघडलं.

“भाऊजींना जाऊन दोन महिने झाले,” त्या म्हणाल्या. “झोपेतच गेले. तुझा नंबर शोधला, सापडला नाही.”

मी बसलो. त्यांनी पाणी दिलं. “सुरुवातीला रविवारी वाट बघायचे तुझी. मी विचारलं की म्हणायचे, ऑफिसात काम वाढलं असेल त्याचं.” मग त्यांनी विचारलं, “भांडण झालं होतं का रे तुमचं?”

“नाही.”

“मग मला वाटलं तेच. तुला त्यांचं ते कळलं असणार. आधीही एकदोघं असेच यायचे बंद झाले. तुला दोष नाही देत मी. पण माणूस वाईट नव्हता रे.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मला आधीपासून ठाऊक होतं आणि मीही तसाच आहे, एवढंच. पाण्याचा पेला खाली ठेवून मी निघालो.

त्यानंतर मी आईला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, कविता ‘तो’सकट छापून आल्या. धीर गोळा करून पुन्हा फणसवाडीत गेलो, तेव्हा त्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड होतं. काकू भाचीकडे राहायला गेल्या होत्या. कुठे, ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्या हयात असतील तर त्यांच्या लेखी मी अजूनही तोच मुलगा आहे, ज्याला काकांची किळस आली आणि जो यायचा थांबला.