एका फेरीची शर्यत

काचेचं दुकान ताईंना वडिलांकडून मिळालं. सायकलचं वेड कुणाकडून आलं, ते मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटली तरी दर रविवारी त्या मैदानाच्या ट्रॅकवर एका फेरीची शर्यत लावायच्या. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा खेळ, पण जीव तोडून पायडल मारायचं. आणि दर रविवारी त्यांची मैत्रीण बेकरीवाली त्यांच्या नाकासमोरून पुढे निघून जायची.

"आधी कपभर काळी कॉफी ढोसते ती," ताई नवऱ्याला म्हणाल्या. "तिचं गुपित तेच."

"मग तूही ढोस की!"

"मला नाही झेपत. छाती धडधडते."

भाची क्रीडा महाविद्यालयात शिकत होती. तिला एका प्रयोगासाठी माणसं हवी होती. "मावशी, ये ना. एकदा कॉफीतल्या कॅफिनची गोळी, एकदा साधी. कधी कुठली, ते आपल्या दोघींनाही कळणार नाही."

ताई गेल्या. सायकल जमिनीला बोल्टने जखडलेली. शेजारी एक बादली.

"ही कशाला?"

"काहींना उलटी होते."

"बरं झालं आधी सांगितलंस!"

गोळी घेऊन तासभर बसायचं, मग शिट्टी वाजली की सुटायचं. पहिल्या खेपेला पाय शिशाचे झाले. पुढच्या आठवड्यात मात्र अंगात वीज शिरल्यासारखं वाटलं. उतरता उतरताच ताई ओरडल्या, "आज कॅफिन! पैज लाव!"

त्याच तोऱ्यात त्या दुकानात आल्या. नृत्यशाळेचा मोठा आरसा कापायचा होता. काच कापायची हिरकणी टेकवली, रेघ ओढली, आणि हात असा काही थरथरला की रेघ भलतीकडेच गेली. आरशाचे तीन तुकडे. नवऱ्याने झाडू आणून दिला. दुसरा आरसा त्यांनी दुसऱ्या दिवशी कापला.

प्रयोग संपल्यावर भाचीने निकाल दाखवला. कॅफिन खरंच दुसऱ्या खेपेला होतं. पण फरक अगदी नखाएवढा.

"एवढंसंच? मी तर उडत होते!"

"वाटणं वेगळं, मावशी. काहींना जास्त फायदा होतो, तुला जेमतेम झाला. पण हे बघ." तिने पडद्यावर बोट ठेवलं. दोन्ही दिवशी पायांनी लावलेल्या जोराची रेघ सरळ वर चढून धाडकन खाली आली होती. "पहिल्याच दमात सगळं उधळतेस तू. शेवटाला काही उरतच नाही."

ताईंनी महिनाभर तेवढंच घोटलं: सुटताना जरा आवरायचं. फार जड गेलं. स्वभावच धडाडीचा!

मग एका रविवारी शेवटच्या वळणावर बेकरीवाली पुढे होती, पण ताईंच्या छातीत अजून दम होता. त्यांनी दात-ओठ खाऊन पाय मारले आणि अर्ध्या चाकाने पुढे गेल्या.

"आज काय घेतलंस गं?" बेकरीवालीने धापा टाकत विचारलं.

"पाणी. तुझी कॉफी काही मला लागू पडली नाही."

"माझी कॉफी?" बेकरीवाली हसत सुटली. "अगं, पहाटेपासून भट्टीसमोर उभी असते मी. कॉफी नाही घेतली तर सायकलवरच घोरायला लागेन!"

पुढच्या रविवारी पुन्हा बेकरीवालीच जिंकली. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. घरी येऊन त्या पोटभर जेवल्या आणि दुपारभर गाढ झोपल्या.