साडूंचे उपास

माझे साडू लाजण्यासाठीच जन्माला आले आहेत. बाकीची माणसं टकलाला लाजतात, फार तर इंग्रजीला लाजतात. आमच्या साडूंना लाजायला काहीही चालतं. रिक्षावाला चुकीच्या गल्लीत वळला तर त्याला वाईट वाटू नये म्हणून ते त्याच गल्लीत उतरतात आणि पुढे चालत घरी येतात. एकदा लोकलने बालिगंजला जायचं होतं. शेजारच्या प्रवाशाने "बजबज?" असं विचारलं, यांनी संकोचून मान हलवली, आणि मग तो काय म्हणेल या विचाराने बालिगंज आलं तरी जागचे उठले नाहीत. थेट शेवटच्या स्टेशनाला, बजबजला गेले, त्या माणसाच्या घरी चहा प्यायले, त्याच्या आईच्या पाया पडले आणि परतीच्या गाडीने आले. उशीर का झाला असं माझ्या मेव्हणीने, म्हणजे ताईंनी, विचारलं तेव्हा "काम होतं," एवढंच म्हणाले. गृहस्थ एका सरकारी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. पुण्याहून कोलकात्याला बदली झाली, परत बदली मागायची लाज वाटली, म्हणून सॉल्ट लेकमध्येच राहून गेले. पुढे माझ्या बँकेने मलाही इथे आणून टाकलं आणि हे ध्यान माझ्या वाट्याला आलं.

लाजण्याखालोखाल त्यांना मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे गोड खाणं, आणि त्यासाठी त्यांना नेमकं हे शहर मिळालं. कोपऱ्यावरच्या दुकानात ते "पाहुणे आलेत" असं सांगून संदेश नावाची मिठाई घेत. पाहुणे कधीच आलेले नसत. मग ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली. रिपोर्ट आणायला स्वतः जाववेना, म्हणून मला पाठवलं. डॉक्टरांकडेही मला सोबत नेलं. डॉक्टर भले गृहस्थ होते. म्हणाले, "डायबिटीज़ अभी हुआ नहीं है, लेकिन दरवाज़े पर खड़ा है। मीठा बंद, भात-आलू कम, रोज़ चलिए। ठीक हो जाएगा।" साडू उठले ते खिसा कापताना पकडले गेल्यासारखे. जिन्यात माझा हात धरून म्हणाले, "साडूभाऊ, कुणाला बोलू नका. हिलासुद्धा नाही." मी म्हटलं, हल्ली घरोघरी असतं, त्यात काय एवढं. तर म्हणाले, "लोकांना आजार होतो हो. हे माझं खादाडपणाचं सर्टिफिकेट आहे."

चालणं सुरू झालं, पण चालताना कुणी पाहिलं तर कारण विचारेल. म्हणून सकाळी बागेला फेऱ्या मारायला ते हातात बाजाराची पिशवी घेऊन निघत, म्हणजे भाजीला चालल्यासारखं दिसावं. रिकामी पिशवी घेऊन परतलं तर तेही दिसणार, म्हणून रोज काहीतरी विकत घेणं आलं. भाजीतलं त्यांना फक्त बटाट्यातलं कळतं. महिन्याभरात ताईंच्या स्वयंपाकघरात बटाट्यांना जागा पुरेना. "यांना एकाएकी काय झालंय?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, स्वस्त झाले असतील.

खरी पंचाईत शेजाऱ्यांची होती. आमच्याकडे कुणी पेढा पुढे केला आणि आपण नको म्हटलं तर तो माणूस पेढा स्वतः खातो. इथे तो दुखावतो, आपली तब्येत विचारतो, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत तब्येत विचारते. खालच्या मजल्यावरच्या मासीमा तर दर आठवड्याला घरचं मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, घेऊन वर येत. साडूंना त्या क्षणी जे सुचलं ते ते बोलून गेले, "आज उपास है।" पुढच्या वेळीही तेच. मग सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही चतुर्थ्या आणि एकादश्या असं करत आठवडा भरला. पुरुषमाणूस एवढे उपास करतो म्हटल्यावर इमारतीत त्यांना मान मिळू लागला. लिफ्टमध्ये लोक आधी त्यांना आत जाऊ देत. मासीमा लांबूनच हात जोडत, आणि साडू त्या नमस्काराने अर्धे होत.

सर्वांत आनंद ताईंना झाला. लग्नापासून हा माणूस देवापुढे दोन मिनिटं उभा राहत नाही म्हणून त्यांचा जीव तुटायचा. आता त्या उपासाच्या दिवशी भरपूर तूप घालून साबुदाण्याची खिचडी करत, बटाट्याची भाजी करत (बटाटे होतेच), रताळ्याचा गूळ घातलेला कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. साडू भक्तिभावाने जेवत. उपास म्हणजे पथ्य, याविषयी त्यांच्या मराठी मनात जराही शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हती. पुढच्या तपासणीत साखर आणखी चढली. डॉक्टर बुचकळ्यात पडले. "आप खाते क्या हैं?" "कुछ नहीं डॉक्टरसाब, उपास चल रहा है।" "उपोस में क्या खाते हैं?" साडूंनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "शाबू? वो तो हम लोग रोगी को देता है, शरीर बनाने के लिए।" बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता तरी ताईंना सांगा. "सांगतो," म्हणाले, आणि सोमवारी निमूटपणे पानावर बसले.

पुढच्या एकादशीला रविवार होता, म्हणून मी आणि माझी बायको त्यांच्याकडेच होतो. ताई ताटं वाढत होत्या तेवढ्यात मासीमा आल्या. या वेळी हातात वाटी नव्हती. त्यांचे यजमान हॉस्पिटलमध्ये होते; मंगळवारी हृदयाचं ऑपरेशन होतं. त्या दारातच हात जोडून उभ्या राहिल्या. "आप इतना उपोस करते हैं। कल एक उपोस हमारे उनके लिए कर दीजिए। ठाकुर आपका बात सुनेगा।" ठाकुर म्हणजे त्यांचा देव.

साडूंचा चेहरा मला बघवेना. ते हो म्हणतील आणि आयुष्यभर जळत राहतील, अशी माझी खात्री होती. पण ते ताटावरून उठले. "मासीमा, मैं उपास नहीं करता," ते म्हणाले. "मेरी शुगर बढ़ी है। बोलने में शर्म आती थी। भगवान से मेरी कोई पहचान नहीं।" ताई खिचडीचा डाव हातात धरून तशाच उभ्या होत्या.  मासीमा शांतपणे म्हणाल्या, "तो कल सच्चा वाला कीजिए।"

त्यांनी केला. ताई आदल्या रात्री खूप रडल्या होत्या, उपासाच्या खोटेपणासाठी थोडं आणि आपल्या खिचडीसाठी जास्त. पण सोमवारी नवऱ्याशेजारी देवापुढे बसल्या. डॉक्टरांना विचारून साडू दिवसभर नुसत्या पाण्यावर राहिले. मंगळवारी दुपारी मासीमांचे यजमान ऑपरेशनच्या टेबलावरच गेले.

स्मशानातून परतताना साडू गाडीत माझ्या शेजारी बसले होते.  मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, आधीचे सगळे खोटे केले म्हणून तर हा फळला नाही ना?" मी त्यांना वेड्यात काढलं, रागावलो, हृदयाच्या झडपांबद्दल मला जे काही माहीत होतं ते सगळं सांगितलं. ते मान डोलवत राहिले. त्यानंतर ते मासीमांच्या मजल्यावर लिफ्ट थांबेल या धास्तीने मागच्या जिन्याने येऊ-जाऊ लागले. तो व्यायाम मात्र खरा झाला.

श्राद्धाच्या जेवणाला तर जायलाच हवं होतं. साडू पंगतीच्या टोकाला, जमेल तेवढे लहान होऊन बसले. लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या झाल्या, डाळ झाली, आणि मासीमांचा मुलगा रसगुल्ल्यांची बादली घेऊन आला. नाही म्हणायची सोय नव्हती; शोक करणाऱ्या घरात कोण नाही म्हणतं? साडूंनी पान पुढे केलं. तेवढ्यात समोरच्या खुर्चीवरून मासीमांचा आवाज आला, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल एवढा. "ओनाके ना। ओनार शुगर आछे।" त्यांना नको, त्यांना शुगर आहे. मग त्या स्वतः उठल्या, आतून पेरूच्या फोडींची बशी घेऊन आल्या आणि त्यांच्या पानाशी ठेवली. पेरू आदल्या दिवशीच आणून ठेवले होते, म्हणाल्या.

शंभर माणसं साडूंकडे बघत होती. त्यांनी एक फोड उचलली, खाल्ली, आणि डोळे न पुसता दुसरी घेतली.