भाऊजींचा पहिला मुद्दा

आमच्या भाऊजींइतका सहमत होणारा माणूस जर्मनीतल्या आमच्या डार्मश्टाटमध्ये तर नाहीच, पण सगळा सातारा जिल्हा पालथा घातला तरी मिळायचा नाही. भाऊजी म्हणजे माझे सख्खे दीर नव्हेत, ह्यांचे कंपनीतले मित्र. पण परक्या देशात दर रविवारी जो माणूस जेवायला येतो आणि पानात काही टाकत नाही, त्याला भाऊजी नाही तर काय म्हणायचं? आले तेव्हापासून एकटेच. माझ्या सासूबाई फोनवर म्हणायच्या, "आता लग्न उरकून टाका," की भाऊजी उत्तर द्यायचे, "अगदी बरोबर, काकू." लगेच माझे यजमान शेजारून म्हणायचे, "कशाला त्या फंदात पडतोस," की त्यांना, "गेनाऊ." गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये अगदी बरोबर. हा शब्द त्यांनी पहिल्या आठवड्यात शिकून घेतला आणि पुढची पंधरा वर्षं त्यावरच काढली. लग्न अर्थातच राहून गेलं.

आमच्या घरात आमटीवरून कायमचं भांडण. ह्यांना गूळ घातलेली लागायची, मला तिखटजाळ. भाऊजी पहिला भुरका मारून ह्यांच्याकडे बघत म्हणायचे, "गुळाशिवाय आमटी म्हणजे काय," आणि दुसरा भुरका मारून माझ्याकडे बघत, "पण ठसका हवाच, वहिनी." खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या जर्मन बाई राहायच्या. त्यांनी एकदा भाऊजींना जिन्यात गाठून सांगितलं की वरून येणारा माशांचा वास अगदी सहन होत नाही. भाऊजी म्हणाले, गेनाऊ, भयंकर वास आहे. तिथून दोन जिने चढून वर आले आणि दारातच नाक वर करून मला म्हणाले, "सुकट ना, वहिनी? या वासावरच अर्धं जेवण होतं बघा." गणपतीत तर कहर झाला. इथल्या निम्म्या मराठी मंडळींना दीड दिवसाचा गणपती हवा होता, निम्म्यांना पाच दिवसांचा, आणि भाऊजींनी दोघांनाही होकार दिलेला. शेवटी मूर्ती एक आणि विसर्जनं दोन झाली. पहिल्या वेळी नुसती सुपारी बादलीत सोडली आणि देवाची माफी मागितली.

आणि हाच माणूस कंपनीतल्या मोजमापाच्या खोलीत शिरला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. यंत्राचा एखादा भाग दोन मायक्रॉनने जास्त भरला, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या तिसाव्या हिश्श्याइतक्याने, तरी अख्खी पेटी परत. मोठे साहेब येऊन बसले, विनवण्या झाल्या, तरी नाही म्हणजे नाही. हे घरी येऊन हसत हसत सांगायचे. मी एकदा भाऊजींना विचारलं, "अहो, तिथे एवढे खमके आणि इथे असे कसे?" ते चक्क विचारात पडले आणि म्हणाले, "पोलादाला वाईट वाटत नाही, वहिनी. त्याच्याशी खरं बोलता येतं."

ही गोष्ट आपण कॉलिंग कार्ड खरवडून घरी फोन करायचो तेव्हाची, दोन हजार पाचच्या सुमाराची. त्या उन्हाळ्यात हे गेले. सकाळी डबा घेऊन गेले, दुपारी कंपनीतून फोन आला. चांगले धडधाकट असताना मला एकदा सहज बोलून गेले होते, "मला इथे नको हं ठेवूस. इथली जमीन फार गार. आपल्या घाटावर ने." वाईजवळ ह्यांचं गाव, गावाला कृष्णेचा घाट, त्या घाटावर हे पोहायला शिकलेले. दहन इथेच केलं. तिसऱ्या दिवशी मी आणि भाऊजी तांब्याचा कलश आणि लाल फडकं घेऊन अस्थी आणायला दहनगृहात गेलो. आपल्याकडे जातात तसेच गेलो, दुसरं काही डोक्यातच नव्हतं. तिथल्या बाईंनी कलशाकडे बघितलं आणि फार हळुवार आवाजात सांगितलं की इथल्या कायद्याने रक्षा माणसाच्या हातात देता येत नाही, ती दफनभूमीतच जाते. परदेशी न्यायची असेल तर तिथल्या दफनभूमीचं लेखी पत्र आणा. भाऊजी सवयीने म्हणाले, "गेनाऊ," आणि माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली. मी म्हटलं, आमची दफनभूमी नाही, नदी आहे. बाईंनी विचारलं, नदीचा पत्ता काय, आणि तिथे जबाबदार कोण? बिचारीचा काही दोष नव्हता, तिच्या अर्जात तसे रकानेच होते. मी रिकामा कलश घेऊन ट्रामने घरी आले. ह्यांच्या रक्षेचा डबा, झाकणावर नाव घातलेला, तिथल्या एका फळीवर राहिला.

त्याच शरदात आउसलेंडरबायराटची निवडणूक आली. हे शहरातल्या परदेशी लोकांनी निवडून दिलेलं मंडळ. त्याने नगरपालिकेला सल्ला द्यायचा आणि नगरपालिकेने तो ऐकलाच पाहिजे असं नाही. आमच्या घरात सासऱ्यांचं जे स्थान होतं साधारण तेच. तुर्की, इटालियन, मोरोक्कन अशा सगळ्यांनी मिळून एक यादी केली होती आणि तिच्यात एक जागा आपल्या लोकांना ठेवली होती. तो एक कोण, हे आधी आपल्यातच ठरायचं होतं. सभा भरली. एका उमेदवाराने क्रिकेटचं मैदान आणतो म्हणून सांगितलं, टाळ्या पडल्या. मग भाऊजी उठले. म्हणाले, "माझा पहिला मुद्दा एकच. आपल्या माणसाची रक्षा आपल्या हातात मिळाली पाहिजे. बाकी सगळं नंतर. हा माझा शब्द." तिथे बसलेल्या प्रत्येकाने मनातल्या मनात आपलाच डबा त्या फळीवर बघितला असणार. हात वर झाले, माझाही झाला, आणि रडू आलं ते वेगळंच. त्यांचं पत्रक मीच टाइप केलं. पहिला मुद्दा मोठ्या अक्षरांत.

मग खरा प्रचार सुरू झाला. बाजारपेठेत टेबल, वर छत्री, थंडीने हात गारठलेले. मी दर शनिवारी भाऊजींसाठी थर्मासभर चहा घेऊन जायची आणि पत्रकं वाटायची. एका शनिवारी नवीन पत्रकांचा गठ्ठा आला, सगळ्या परदेशी मतदारांसाठी जर्मनमध्ये छापलेला. मी वाचू लागले. पहिला मुद्दा बालवाड्यांचा, दुसरा जर्मनच्या वर्गांचा, तिसरा घरभाड्याचा. मागची बाजूही बघितली. म्हटलं, छापायचं राहिलं असेल, अशा चुका होतात. तेवढ्यात एक इटालियन आजी टेबलाशी आली. तिच्या कानावर काहीतरी गेलं होतं. तिने भाऊजींना विचारलं, "तुमचे लोक म्हणे माणसाची राख नदीत टाकणार? पोरं पोहतात त्या नदीत?" माझं जर्मन तोवर बऱ्यापैकी झालं होतं. भाऊजी तोंडभर हसून म्हणाले, "गेनाऊ, आजी. नदीत असलं काही टाकूच नये."

असलं काही. मी थर्मास टेबलावर ठेवला आणि घरी आले. येताना रस्ताभर तेच दोन शब्द. घरात येऊन कोटही न काढता फोनपाशी बसले आणि आपल्या एकेका घरी फोन लावला. प्रत्येकाला सांगितलं की सभेत दिलेला शब्द बाजारात विकला, ह्यांना 'असलं काही' म्हटलं. मी खोटं एक अक्षर बोलले नाही, पण दया म्हणून कणभर दाखवली नाही. सभेत एक बोलायचं आणि रस्त्यावर दुसरं, हे पुढाऱ्यांचं आपल्याला नवीन आहे थोडंच? पण तो पुढारी आपल्या पानात जेवलेला असला की सोसत नाही. निवडणुकीच्या रविवारी आपलं एकही माणूस मतदानाला गेलं नाही. मीही गेले नाही. बाकीची यादी निवडून आली, भाऊजी तेवढे पडले.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणाच्या वेळेला बेल वाजली. भाऊजी दारात उभे, एका हातात माझा थर्मास घासूनपुसून, दुसऱ्या हातात जाडसर लिफाफा. बसा म्हटलं नाही तरी बसले आणि लिफाफा पुढे सरकवला. आत ह्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीचं पत्र होतं, जांभळ्या गोल शिक्क्याचं: 'सदर मयत हे आमच्या गावचे रहिवासी असून त्यांच्या अस्थी कृष्णा नदीच्या घाटावर स्वीकारण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही. जबाबदार व्यक्ती, सरपंच.' त्याला जोडून जर्मन भाषांतर, सरकारमान्य भाषांतरकाराच्या सहीचं. आणि त्याला जोडून घाटाचा नकाशा, भाऊजींच्या हातचा. ग्रामसेवकाला फोनवरून टेप लावायला लावून त्यांनी मापं घेतली होती. पायऱ्या सतरा, प्रत्येकीची उंची-रुंदी, दीपमाळेपासूनचं अंतर. तळाशी बारीक अक्षरांत: पाण्याची पातळी, अधिक-उणे पाच फूट, पावसाप्रमाणे.

"हे कधी केलंत?" मी विचारलं.

"तुम्ही थर्मास ठेवून गेलात ना, त्याच दिवशी गावाला फोन लावला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही ऐकलंत ते मी बोललोच होतो, वहिनी. मतं हवी होती. यादीतले म्हणाले हा मुद्दा काढा, मी काढला. आणि सभेत दिला तो शब्दही तसाच. हा कायदा त्या मंडळाच्या हातात नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. पण तुम्ही समोर बसला होतात."

मी म्हटलं, "भाऊजी, मी सगळ्यांना फोन केले होते."

"माहीत आहे," ते म्हणाले.

दहनगृहातल्या त्या बाईंनी पत्र वाचलं, भाषांतर वाचलं, आणि घाटाच्या नकाशाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग शिक्का मारला. डिसेंबरात मी ह्यांना घाटावर घेऊन गेले. पायऱ्या सतराच होत्या, मी मोजल्या.

भाऊजी अजून दर रविवारी येतात. आता निवृत्त झालेत, गुडघे दुखतात, जिना चढायला वेळ लागतो. पण त्या लिफाफ्याच्या दिवसापासून त्यांच्या तोंडून गेनाऊ गेलं ते गेलंच. थंडी फार आहे म्हटलं तर म्हणतात, गेल्या वर्षी जास्त होती. साडी छान आहे का विचारलं तर म्हणतात, निळी बरी दिसायची. इथली आपली लोकं म्हणतात, काय खडूस झालाय हा माणूस. त्या एका दुपारी फोनपाशी बसून मीच त्यांना शहाणं करून ठेवलं, आणि आता ते मला मागे घेता येत नाही.

मागच्या रविवारी मी मुद्दाम आमटीत मूठभर मीठ जास्त घातलं. म्हटलं, बघू तरी. पूर्वी असं झालं की हे आणि मी दोघंही तोंड वाकडं करायचो आणि भाऊजी वाटी पुढे करून म्हणायचे, "वहिनी, अशी आमटी आयुष्यात खाल्ली नाही." त्यांनी भुरका मारला. माझ्याकडे बघितलं, आणि क्षणभर मला वाटलं, म्हणतात आता.

"मीठ जास्त झालंय, वहिनी," ते म्हणाले.

जास्तच झालं होतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि जरा वेळ आतच थांबले. बाहेर आले तर त्यांनी वाटी संपवली होती.