कौसामावशींचं पहिलं ताट

तुमच्या घरात सगळ्यांचं झाल्यावर कोण जेवतं? आणि तिच्या ताटात काय असतं, हे तुम्ही कधी वाकून पाहिलंय?

मला हा प्रश्न जहाजाच्या वरच्या डेकवर पडला. समोर कौसामावशी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या. कपाळावर घाम. हात थरथरत होते. मागे बफेची भलीमोठी टेबलं, आणि त्यांच्या घरातली सगळी माणसं नुकतीच पोटभर जेवून उठलेली.

“आई, तू जेवली ना?” मुलाने विचारलं.

“जेवले की,” मावशी म्हणाल्या आणि तिथेच फरशीवर बसल्या. बसल्या म्हणजे पाय गेले.

मी श्रीरामपुरातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात टूर मॅनेजर आहे. गटाबरोबर जायचं, खोल्या आणि जेवण बघायचं, रुसलेल्यांना समजवायचं, हरवलेल्यांना शोधायचं, असं माझं काम. आमच्याकडून लोक पूर्वी देवदर्शनाला जायचे, आता क्रूझलाही जातात. क्रूझ म्हणजे चालतं हॉटेल. पोहोचायची घाई नसते, जाणं हाच मुक्काम असतो. ही आमची मुंबई, गोवा, लक्षद्वीप अशी फॅमिली टूर होती.

कौसामावशींचा मुलगा दत्ता याचं श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. तो पहिल्यांदा ऑफिसात आला तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, “मॅडम, आईला पाणी बघायचंय.”

“मग कोकण करा. गणपतीपुळे फार छान—”

“नाही. काठ दिसायला नको म्हणते. चारी बाजूंनी नुसतं पाणी पाहिजे.”

मी हातातला ब्रोशर खाली ठेवला. इतकं स्पष्ट मागणं माझ्याकडे कुणी आणलं नव्हतं. मावशी मूळच्या पाथर्डी तालुक्यातल्या. दरवर्षी दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला. असंच एकदा ते कुटुंब बेलापूरकडे आलं आणि तिथेच राहिलं. लहानपणी टँकरमागे धावलेली ही बाई. सत्तरी गाठल्यावर मुलाने विचारलं, काय बघायचंय? आणि तिने हे मागितलं. मुलाने विचारलं, याचंही मला कौतुक वाटलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना ट्रिपला नेतात ते बहुतेक वेळा नातवंडं सांभाळायला.

आता मूळ घोटाळा सांगते. मावशींना मधुमेह आहे. जेवणाआधी एक गोळी असते. ती घेतली की लगेच खावं लागतं, नाहीतर रक्तातली साखर झपाट्याने उतरते. हे मी ऑफिसात बजावलं होतं. दत्ता म्हणाला होता, “गोळीचं मी बघतो.” आणि त्याने बघितलं. जहाजावर पाय ठेवल्यावर केबिनमध्ये स्वतः पाण्याचा ग्लास हातात देऊन गोळी दिली. जेवणाचं कुणी बघितलं नाही.

बफेला गेल्यावर मावशींनी ताबा घेतला. “तुमी बसा रं. मी आनते.” आधी नातीला, मग नातवाला, मग दत्ताला, मग सुनेला. मग शेजारच्या टेबलावरचे श्रीरामपूरचे लोक. मी हसून बघत होते. वाटलं, किती रमल्यात! स्वतःचं ताट मात्र त्यांनी घेतलंच नाही. कारण त्यांचं जेवण म्हणजे मुलांच्या ताटात उरलेलं. आयुष्यभर तेच. घरात सगळे उठले की त्या बसणार, अर्धी पोळी, चमचाभर भात, कढईच्या तळाची भाजी गोळा करणार आणि झालं.

पण जहाजावरचा वेटर तयारीचा असतो. तुम्ही चमचा खाली ठेवला की ताट गेलंच. मावशी वाढून परत आल्या तेव्हा टेबल लख्ख पुसलेलं होतं. त्यांचं जेवण उचलून नेलं होतं आणि ते जेवण होतं हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. घरच्यांनाही नाही.

मी धावत जाऊन संत्र्याचा ज्यूस आणला, साखर घातली. दोन-चार घोटांनी त्यांचे डोळे स्थिर झाले. मग मेडिकल सेंटर. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं.

“गोव्यापर्यंत ठीक आहे. पुढे खुला समुद्र आहे, जवळ हॉस्पिटल नाही. पुन्हा असं झालं तर मी यांना गोव्यात उतरवणार. गोव्याला परत तपासते.”

म्हणजे मुंबई ते गोवा, किनाऱ्याकिनाऱ्याने. काठ नसलेलं पाणी त्यापुढेच होतं.

सरांना फोन केला. सर म्हणजे आमचे मालक. ते म्हणाले, “रिस्क नको. गोव्याला उतरव, गाडी करून दे, विषय संपव.”

“सर, मावशींना काही झालेलं नाही. आजार आपल्या पंगतीला आहे.”

“बाई, तुझी पत्रकं तिथं वाटू नकोस. माणूस सुखरूप परत आण.”

सरांना माझं घर माहीत आहे. वडील चळवळीतले, आमच्याकडे पेपरच्या आधी पत्रकं यायची. घडी घालता घालता मी वाचायला शिकले. त्यामुळे मी बोलायला लागले की सर घड्याळाकडे बघतात.

संध्याकाळी जहाज सुटायच्या आधी मस्टर ड्रिल झालं. म्हणजे संकटाची तालीम. भोंगा वाजला की कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, ते दाखवतात. मावशींना खुर्ची दिली होती. सगळं नीट ऐकून त्यांनी मला विचारलं, “होडीत आधी कुनाला बसवत्यात?”

“म्हाताऱ्या माणसांना, बायांना, पोरांना. तुमचा नंबर पहिला, मावशी.”

“व्हय का?” त्या हसल्या. “म्हंजे बुडायच्या येळंला तरी.”

दत्ता शेजारीच होता. त्याला हसू आलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मी बफे टाळला. खाली टेबलावर वाढणारं रेस्टॉरंट असतं, तिथे नेलं. मॅनेजरला सांगून ठेवलं, पहिलं ताट आजींपुढे. ताट आलं. मावशींनी ते अलगद दत्ताकडे सरकवलं. दत्ताने परत सरकवलं. त्यांनी नातवाकडे. नातवाने आईकडे बघितलं. ताट टेबलावर फिरत राहिलं.

“आई, जेव ना. डॉक्टर काय म्हणाल्या?”

“जेवते की. तुमचं होऊ द्या.”

“गोळी घेतलीस तू!”

“आरं पन पोरं बघत्यात आन् मी खाऊ? घास उतरत न्हाई मला.”

मग मी बोलले. चांगलं पाच मिनिटं बोलले. बाईचे श्रम, बाईचं पोट, समान हक्क, घरातली पहिली लोकशाही ताटापासून सुरू होते वगैरे. मावशींनी पदर सावरून सगळं ऐकलं. मान डोलावली.

“लई चांगलं बोलती पोरगी,” त्या म्हणाल्या. “जेवली का गं तू?”

माझं भाषण तिथेच बुडालं.

तेव्हा सून उठली. अर्चना तिचं नाव. टूरभर सगळ्यात कमी बोलणारी. तिने आपली खुर्ची आत सरकवली आणि सासूच्या मागे जाऊन उभी राहिली.

“आई, मी लग्न करून आले तेव्हापासून तुम्ही मला गरम जेवायला बसवता. माझ्या माहेरी मावश्या-काकू विचारायच्या, सासू आधी जेवते की तू? मी सांगायचे, मी. त्यांना खोटं वाटायचं.”

“मग? तुझं वय हाय खायचं.”

“आणि तुमचं? मी कधी मागे वळून बघितलं नाही, तुम्ही काय जेवता. आज तुम्ही जेवल्याशिवाय मी बसणार नाही.”

“अगं बस. लोकं काय म्हनत्याल?”

“म्हणू द्या. इथून कुणी बेलापूरला चालत जाऊन सांगणार नाही.”

दत्ताही उठला. आता टेबलापाशी दोघं उभी आणि म्हातारी एकटी बसलेली. आसपासची माणसं बघायला लागली. मावशींचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, या उठून निघून जाणार. गोळी पोटात, घड्याळ पुढे चाललेलं. मी ज्यूसचा ग्लास जवळ ओढून ठेवला.

तेवढ्यात नात रडवेली झाली. “आजी, मला पण भूक लागलीय. पण मम्मी म्हणते तू जेवल्याशिवाय कुणी नाही. जेव ना गं लवकर!”

मावशींनी नातीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. पोर उपाशी राहतंय म्हटल्यावर त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच उरला नाही. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

“कुनी शिकवलं गं हे तुला?” त्या सुनेला म्हणाल्या.

“तुम्हीच. हट्ट तुमच्याकडूनच आलाय.”

“सोंगाडी!” मावशी म्हणाल्या आणि घास तोंडात घातला. पहिले घास भराभर, चोरी केल्यासारखे. अर्चनाने खांद्यावर हात ठेवला, “सावकाश.” मग त्या सावकाश जेवल्या. गरम वरण होतं. त्यांनी ते दोनदा मागून घेतलं.

मी दोघींकडे बघत होते. सासूने सुनेला स्वतःच्या रांगेत कधी उभं केलं नाही. जे तिच्या वाट्याला आलं ते तिने पुढे ढकललं नाही, स्वतःपाशीच थांबवलं. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं कुणी पत्रक काढलेलं नाही. आणि सुनेने ते ओळखलं, भर रेस्टॉरंटात उभं राहून फेडलं. माझ्या पाच मिनिटांत जे नव्हतं ते तिच्या उभं राहण्यात होतं.

गोव्याला डॉक्टरांनी तपासलं. “आजी एकदम ठीक. काय केलंत?”

“आधी जेवायला बसवलं,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, जणू हे औषध त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सी डे होता. म्हणजे जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, दिवसभर नुसतं समुद्रात. सकाळी आम्ही मावशींना डेकवर नेलं. त्या कठड्याला धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या. मग पलीकडच्या बाजूला गेल्या. तिकडूनही बघितलं. कुठेच काठ नव्हता.

“ह्या पान्याचा मालक कोन हाय?” त्यांनी विचारलं.

“इथं कुणी नाही, मावशी.”

“मग बरं. ऱ्हाईल पानी.”

त्यांनी समुद्राला हात जोडले, तोंडावरून पदर फिरवला आणि सुनेकडे वळल्या.

“अर्चना, चल गं. भूक लागली.”

दत्ता जागच्या जागी थांबला. मला हळूच म्हणाला, “मॅडम, हे मी आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतोय.”

टूर सुखरूप परत आली. सरांनी काही विचारलं नाही, मीही पत्रक वाटलं नाही. फक्त बुकिंगच्या वेळी आता एक प्रश्न जास्त विचारते, घरात शेवटी कोण जेवतं? माणसं आधी हसतात. मग एकमेकांकडे बघतात. या धंद्यात मी एवढं शिकले की जहाजावर लाइफ जॅकेट न मागता मिळतं, ताटाचं तसं नसतं.

आता तुमच्याकडे मागणं आहे. आईला समुद्र दाखवा, जमेल तेव्हा. पण आज संध्याकाळी घरात जी शेवटी जेवते तिला पहिल्यांदा बसवा. पहिली गरम भाकरी तिच्या ताटात वाढा. ती ताट तुमच्याकडे सरकवेल. घेऊ नका. ती म्हणेल, तुमचं होऊ द्या. बसू नका. तिचा पहिला घास पोटात जाईपर्यंत उभे राहा.