सोळा नव्वद

आमच्या जुन्या स्टेशन वॅगनच्या काचेवर अजून माझ्या बायकोच्या हातचा आकडा आहे. सोळा पॉइंट नव्वद. बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं लिहिलेला, एकेक अंक दोनदा गिरवलेला. ती नर्स होती. वाचणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून काहीही लिहिलं तरी दोनदा गिरवायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं. गॅरेजात ऊन येत नाही, पाऊस येत नाही, म्हणून आकडा राहिला.

बर्फ पडला की रस्त्यावर टाकायचं मीठ काढायला मी गॅरेजात जायचो आणि तो आकडा माझ्याकडे बघायचा. मी सातवी शिकलेला माणूस, भुताखेतांवर विश्वास नाही. पण पाठ फिरवून दार लावताना मान वळायची. मला एवढंच माहीत करून घ्यायचं होतं, की तो आकडा गाडीचा होता का तिच्या पायाचा. गाडीचा असेल तर माझी चूक फारशी नाही. पायाचा असेल तर आहे.

हे समजायला आमची रेस समजली पाहिजे. इथं ओहायोतल्या डब्लिनला पुण्या-नागपूरकडची आयटीतली पोरं पुष्कळ आहेत. मंडळाच्या जेवणात एकानं विचारलं होतं, "काका, तुमची गाडी तेरा सेकंदांची, काकूंची सतराची. मग रेस कशी होणार यार?"

मी म्हटलं, "हळू गाडी आधी सुटते."

आपली गाडी पाव मैल किती सेकंदात जाईल ते आपणच काचेवर लिहायचं. दोन गाड्यांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढे सेकंद हळू गाडीचा दिवा आधी लागतो. मग रेषेवर जो आधी पोचेल तो जिंकला. पण काचेवर लिहिलंय त्यापेक्षा लवकर पोचलात तर हरलात. हिरव्या दिव्याआधी हललात तरी हरलात.

"म्हणजे एस्टिमेटच की," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसात सगळे जास्तच सांगून ठेवतात. सेफ."

"इथंही सांगतात. अर्धा सेकंद लपवायचा आणि रेषेपाशी ब्रेक मारून जुळवायचं."

भात वाढता वाढता ती म्हणाली, "तुमचे काका लपवतात. मी जे पळणार तेच लिहिते."

सगळे हसले. मीही हसलो, कारण खरं होतं.

ती मिरजेची. नर्सिंगच्या कामावर ती आधी इथं आली, मी तिच्या मागून. सांगलीत गॅरेजात होतो, इथं सायलेन्सर बसवायच्या दुकानात लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. रेसचा नाद तिथल्याच एका गोऱ्यानं लावला. त्याच्याकडे पिकअप होती, अजून आहे. मी जुनी दोन दारांची गाडी घेऊन तिचं इंजिन स्वतः बांधलं. शनिवारी ट्रॅकवर जायचो. ती डबा घेऊन यायची आणि घडीच्या खुर्चीत बसायची. एका शनिवारी म्हणाली, "मी काय इथं माश्या मारायला येते? वॅगन रिकामीच उभी आहे की."

ज्या वॅगनमधून आम्ही मुलीला शाळेत सोडलं, किराणा आणला, तीच तिनं रेषेवर उभी केली. मी तिच्या इंजिनात हात घातला, थोडं नीट केलं. सोळा चाळीसची गाडी झाली. थंडीत सोळा तीस, उकाड्यात सोळा पन्नास. त्याच्या बाहेर कधी नाही.

लोकांना वाटतं जोरात पळणारी गाडी म्हणजे फायदा. तसं नाही. जोरातल्या गाडीवाल्याला थांबावं लागतं. शेजारच्याचे दिवे लागतात, तो सुटून निघून जातो, त्याचा आवाज लांब जातो, आणि आपण जागेवर आपल्या दिव्याची वाट बघत बसायचं. तीन-चार सेकंद म्हणजे किती मोठे ते तिथं कळतं. पाय शिवशिवतो. कितीतरी जण दुसऱ्याच्या दिव्यावर सुटतात आणि घरी जातात. पण एकदा नीट सुटलं की सगळा डाव आपल्यासमोर असतो. पुढची गाडी दिसते, किती वेगानं तिच्या जवळ जातोय ते दिसतं. रेषेपाशी ठरवता येतं, तिला गाठायचं, का पाय उचलून तिलाच पुढे ढकलायचं आणि तिच्या आकड्याच्या आत पळायला लावून हरवायचं.

हळू गाडीवाल्याला यातलं काही दिसत नाही. त्याला मान वळवून मागे बघावं लागतं. तो फक्त सरळ जाऊ शकतो. ती सरळ जायची. म्हणून मला हरवायची.

शेवटची रेस सप्टेंबरातली. हवा कोरडी, गार. मी सकाळभर माझ्या गाडीखाली होतो, तिनं सरावाला काय वेळ काढली ते बघितलं नाही. दुसऱ्या फेरीत आमची दोघांची जोडी लागली. लायनीत गाडी लावताना मी तिच्या काचेकडे बघितलं. सोळा नव्वद.

मला राग आला. आधी हसू आलं आणि मग राग. सोळा चाळीसची गाडी, ती मी बांधलेली, अशा गार हवेत सोळा नव्वद? मी काच खाली करून ओरडलो, "शिकलीस का लबाडी?"

तिनं हेल्मेटमधून माझ्याकडे बघितलं.  हात वर करून काचेवरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं चिडवतेय.

माझा आकडा बारा नव्वद. ती चार सेकंद आधी सुटली. मी तेवढ्यात डाव ठरवला. हिनं अर्धा सेकंद लपवलाय, म्हणजे रेषेपाशी ही ब्रेक मारणार. मारू द्यायचा नाही. मी मागून असा येईन की ही घाबरून दाबत राहील, आणि शेवटी मी पाय उचलेन. ही पुढे निघून जाईल आणि आपल्याच खोट्यात अडकेल.

तसंच केलं. तिच्या दाराशी पोचलो आणि पाय उचलला. ती पुढे गेली. तिचा ब्रेकचा दिवा लागलाच नाही.

परतीच्या रस्त्यावर खोपटाच्या खिडकीतून वेळेची स्लिप देतात. तिची सोळा एक्क्याण्णव. तिनं लिहिलेल्या आकड्यापासून एका केसाएवढी लांब. ती जिंकली होती.

मी म्हटलं, "कसं जमवलंस? ब्रेक न मारता?"

ती म्हणाली, "लिहिलं तेवढंच पळाले. स्लिप बघा."

"गाडी सोळा चाळीसची आहे."

"आज एवढंच निघालं."

पुढच्या फेरीला तिनं गाडी लावलीच नाही. पुरे म्हणाली. मला वाटलं, मला हरवून झालं, आता काय उरलं. त्या दिवशी मी तिच्या डब्यातलं थालीपीठ खाल्लं नाही. ती वॅगनमधून घरी गेली, मी ट्रेलर ओढत मागून. सोमवारपर्यंत बोललो नाही. बायकोनं अर्ध्या सेकंदाची थाप मारली म्हणून.

डिसेंबरात डॉक्टर. नसांचा आजार निघाला. आधी पाय, मग हात, मग गिळणं. तिला दारात उतरवून मी गाडी लावायला गेलो, बर्फ होता, जागा मिळेना. वर पोचेपर्यंत विचारायचं ते त्यांनी विचारून झालं होतं. घरी आल्यावर मी विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "तुम्हाला नाही माहीत?"

मला वाटलं उत्तर टाळतेय. मी पुन्हा विचारलं नाही. पुढं सव्वा वर्ष तर विचारायला वेळच राहिला नाही. तिला उचलायचं, भरवायचं, कूस बदलायची. शेवटी शेवटी ती हलणाऱ्या एका बोटानं तक्त्यावरची अक्षरं दाखवायची तेव्हासुद्धा मी पाणी हवं का एवढंच विचारलं.

ती गेल्यावर तिच्या पर्समध्ये सरावाच्या स्लिपा सापडल्या. सोळा अठ्ठ्याऐंशी, सोळा त्र्याण्णव. त्यावरूनही काही कळेना. लबाडी करणारा सरावालाही पाय राखूनच चालवतो. आणि तिसरी शक्यता गाडीची. वॅगन जुनी, त्या उन्हाळ्यात काही बिघडलं असेल, मी लक्ष दिलं नसेल. मला तसं हवं होतं. माझ्या हातची गाडी बिघडलेली निघावी असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मुलगी नेपरव्हिलला असते. तिनं वॅगनला गिऱ्हाइक बघितलं. "डॅड, इट्स जस्ट सिटिंग देअर. मंडेला माणूस येईल." मी हो म्हटलं. म्हणजे माझ्याकडे एक शनिवार होता.

नवं पेट्रोल भरलं, बॅटरी बदलली. बाकी कशाला हात लावला नाही. एक कबूल करतो. प्लगची एक वायर धरून मी बराच वेळ उभा होतो. ती जरा सैल केली असती तर सोळा नव्वद आरामात आलं असतं. मग तिला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं त्या दिवशी, असं मी मरेपर्यंत धरून चाललो असतो. वायर सोडली आणि बॉनेट लावलं.

ट्रॅकवर गेलो. हवा तशीच, कोरडी, गार. नावं घेणाऱ्या बाईनं विचारलं, "आकडा?" मी काचेकडे बोट दाखवलं. तिनं बघितलं, माझ्याकडे बघितलं, लिहून घेतला. सराव केला नाही. मला एकदाच विचारायचं होतं.

शेजारच्या लेनला तो पिकअपवाला गोरा लागला. त्याची गाडी साडेतेराची. त्यानं दोन बोटं कपाळाला लावली.

सीट तिच्या मापाची होती, माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. मी मागे केली नाही. आरसाही तिनं लावलेला. सगळे जण मागचा रस्ता दिसेल असा लावतात, तिनं बाजूला वळवून ठेवला होता. त्यात फक्त शेजारची लेन दिसत होती. मी उभा असायचो ती जागा.

पिवळे दिवे एकेक करत खाली उतरले, हिरवा लागला आणि मी सुटलो. पाय तळाला टेकवला.

आयुष्यभर मी मागून आलो होतो. आधी सुटल्यावर काय होतं ते मला ठाऊकच नव्हतं. पुढे काही नाही. नुसता रस्ता, आणि जुन्या इंजिनाची घरघर. आपण एकटेच कुठंतरी निघालोय असं वाटतं. मग मागून आवाज यायला लागतो. आधी बारीक, मग छातीत भरतो. ती एकदा म्हणाली होती, "तुम्ही येताना ऐकू येता, दिसत नाही." मी आरशात बघितलं. लेन रिकामी होती. आवाज वाढत होता आणि लेन रिकामी होती. मला वाटलं तो मीच येतोय, रागानं, हिला पकडायला. मानेवर काटा आला.  त्या पायानं, असा आवाज मागे घेऊन, ती सरळ गेली होती. आणि मी तिला घाबरवायला येत होतो.

पिकअप मला गाठू शकली नाही. रेष ओलांडली.

खोपटाच्या खिडकीतून स्लिप हातात आली. तीन वर्षं नुसती उभी असलेली गाडी. सोळा एकोणचाळीस.

पिकअपवाला पुढे थांबला होता. जिंकला होता तो, मी माझ्या आकड्याच्या आत पळालो होतो. काचेत वाकून त्याच्या भाषेत म्हणाला, "अर्धा सेकंद लपवलास आणि ब्रेकसुद्धा मारला नाहीस? म्हातारा झालास. तुझ्या बायकोनं असं कधी केलं नाही."

"नाही केलं," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी गाडी कुंपणाला लावून मुलीला फोन केला. तिला रेसमधलं काही कळत नाही, म्हणून मी सरळच बोललो. "तुझ्या आईला सप्टेंबरातच कळलं होतं. पाय तळापर्यंत जात नव्हता तिचा."

 ती मराठीत बोलली, माझ्याशी क्वचित बोलते मराठीत. "हो बाबा. मला फोन केला होता तिनं. मी म्हटलं, टेल डॅड. तर म्हणाली, बाबांना सांगितलंय. आज ट्रॅकवरच सांगितलं, पण ते चिडलेत. चिडू दे थोडे दिवस, म्हणाली."

ट्रॅकवर कुणीतरी सुटलं, फोनमध्ये काही ऐकू येईना. मुलगी विचारत होती, "बाबा? शी डिड टेल यू, ना?"

माझा उजवा पाय अजून पेडलवर होता. इंजिन बंद होतं तरी दाबून धरलेला.

"हो," मी म्हटलं. "सांगितलं होतं. मोठ्या अक्षरात सांगितलं होतं."

सोमवारी माणूस आला. गाडी फिरून बघितली, आकड्यावर नख घासून बघितलं, म्हणाला, हे निघेल ना. मी त्याला म्हटलं, गाडी विकायची नाही.