पास्टरांचा पदर

सल्लागार या पदावर आयुष्य काढून एकालाही सल्ला न दिलेला माणूस बिदरपासून कलबुर्गीपर्यंत एकच झाला, आणि तो आमच्या दवाखान्यात होता. ते आमचे पास्टर. हुमनाबादच्या अलीकडे ट्रस्टचा जो जुना दवाखाना आहे, त्याच्या आवारातल्या प्रार्थनेच्या खोलीत ते बसत. रुग्णांना धीर देणं हे त्यांचं अर्धं काम, आणि संस्था चालवणाऱ्यांना अवघड प्रसंगी वाट दाखवणं हे उरलेलं अर्धं. संस्था चालवणारा म्हणजे मी, व्यवस्थापक. कमलनगरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, कपाळाला विभूती, गळ्यात टाय आणि डोक्यात बेंगळुरूच्या तीन दिवसांच्या शिबिरातून आणलेली निर्णयक्षमता. शिबिरात मिळालेला 'निर्णय कसा घ्यावा' हा मोठा रंगीत तक्ता मी पास्टरांना मोठ्या हौसेनं भेट दिला. आठ दिवसांनी पाहिलं, तर त्यावर मिरच्या वाळत होत्या. "लई मजबूत कागद हाय अण्णा," ते म्हणाले, "दोन्ही बाजूनं ऊन लागतंय."

पास्टरांकडे एक मोपेड होती. ती चालवताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही, ढकलताना सगळ्यांनी पाहिलंय. गेटपासून बाजारापर्यंत त्यांना अडवून बोलणारी माणसंच इतकी की बसायचा प्रसंग येत नसे. "मग गाडी घेतली कामून?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "चालायला सोबत होतीया." प्रार्थनेच्या खोलीमागं त्यांनी वांगी लावली होती. तुमचं दुःख ऐकताना ते खुरपं हातात घेऊन वाकलेले असत आणि डोळे मिटलेले. झोपले असावेत असं वाटून तुम्ही थांबलात, की "मग?" असा आवाज यायचा.

ट्रस्टच्या बैठकीत पास्टरांना मान मोठा. कामकाजात पहिला विषय प्रार्थना आणि शेवटचा विषय प्रार्थना. मधल्या विषयांत त्यांनी बिस्किटं खावीत अशी अपेक्षा. ते मनापासून खात. पण बैठक तापली की प्रार्थना लांबते, हे माझ्या लवकर लक्षात आलं. उपाहारगृह कुणाला चालवायला द्यायचं यावरून दोन विश्वस्त हातघाईवर आले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "पास्टर, आता शेवटची प्रार्थना आटपा." पास्टरांनी हात जोडले आणि आदामापासून सुरुवात केली. नोहाच्या जहाजापर्यंत पोहोचेतो एक विश्वस्त घोरत होते आणि दुसरे त्यांच्या डोक्याखाली हळूच फाइल सरकवत होते. 'आमेन' झालं तेव्हा भांडण कशावरून होतं ते दोघांनाही सांगता येईना.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. त्याच्याशिवाय पास्टर कळणार नाहीत.

बाळंतिणींच्या वॉर्डात तुळसाक्का नावाची आया होती. निर्णा गावची. माझ्या नोकरीआधीपासून तिथं. तालुक्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर पहिल्यांदा रडली असतील. एका सकाळी तिनं दोन नवजात बाळांच्या मनगटावर एकमेकांच्या नावाच्या पट्ट्या बांधल्या. सिस्टरच्या पाच मिनिटांत ध्यानात आलं म्हणून निभावलं, नाहीतर निर्ण्याचं बाळ हळ्ळीखेडला गेलं असतं. अध्यक्षांचा फोन आला, "आया बदला. आजच." मी इंग्रजीत आदेश लिहिला. इंग्रजी ही फार सोयीची भाषा आहे. 'आपल्या सेवेची आवश्यकता उरली नाही' हे त्या भाषेत हवामानाच्या अंदाजासारखं लिहिता येतं. ढग येतात, सेवा संपते, कुणी काही केलेलं नसतं.

आदेश घेऊन पास्टरांकडे गेलो. म्हटलं, "एवढं तुम्ही तिला प्रार्थनेसकट सांगा. देवाची इच्छा आहे म्हणा."

"देवाची सही लागायलीय व्हय?" त्यांनी खुरपं ठेवलं, हात धुतले, आदेश वाचला. "इंग्लिशमदी ब्येस हाय. तुळसाक्काची भाषा कोनती?"

"मराठी."

"मग मराठीत म्हणून दाखवा. मला." आणि त्यांनी खिळ्यावरचा चौकड्यांचा टॉवेल काढला, डोक्यावरून पदरासारखा घेतला, एक टोक दातात धरलं आणि स्टुलावर अंग चोरून बसले. पांढऱ्या झुपकेदार मिशा, वर निळ्या चौकड्यांचा पदर. मला हसू आलं. त्यांना नाही आलं. बारीक आवाजात म्हणाले, "बोला साहेब. माजं काय चुकलं?"

मी टाय सैल केली. "तुळसाक्का... संस्थेनं असं..."

"संस्था कोन? तिला किती लेकरं हायत?"

चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा शेवट पाऊसपाण्यावर झाला. शेवटी मी म्हणालो, "प्रत्यक्षात जमेल मला." पास्टर पदर काढत म्हणाले, "न्हाई जमनार," आणि वांग्यांकडे गेले. सल्ला म्हणाल तर एवढाच.

दुपारी मी वॉर्डात गेलो आणि तुळसाक्कासमोर उभा राहून म्हणालो की तिच्यासारखी माणसं म्हणजे या दवाखान्याचा पाया, की तिनं फार कष्ट उपसले, की आता तिच्या अंगावरचा भार हलका करायचं आम्ही ठरवलंय, की यापुढं तिनं धावपळ करायची नाही. बोलता बोलता मला भरून आलं. काम फत्ते झालं असं समजून मी खोलीत येऊन चहा मागवला. पडद्याआड तीन आया कान लावून होत्या. चहा येईपर्यंत सगळ्या दवाखान्यात पसरलं की तुळसाक्का आयांची मुख्य झाली. कुणीतरी झेंडूचा हार आणला. साखर वाटली. मलाही दिली, मी खाल्ली. हार घालून तुळसाक्का मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती. आनंदानं बोलणं सुचत नसेल, असं मला वाटलं. मला त्या दिवशी बरंच काही वाटत होतं.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. "तुमाला काढायला सांगितलं व्हतं. हार कामून घातलाव?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पास्टरांच्या दारात उभा राहिलो. ते टॉवेलकडे हात नेत होते, मी म्हटलं, "पास्टर, तुम्ही बरोबर चला."

"येतो. दाराभाईर उभारतो. आत येनार न्हाई. आन मधी खाकरनारबी न्हाई."

तुळसाक्का धुतलेली दुपटी घडी घालत होती. हार कोपऱ्यात खिळ्याला लावलेला. मी या वेळी खाली तिच्यासमोर बसलो. "तुळसाक्का, काल मी खोटं बोललो. काल सकाळी त्या दोन बाळांच्या पट्ट्या बदलल्या. तुम्हाला आता नीट दिसत नाही. तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही. हे मी ठरवलंय."

तिनं हातातली घडी पूर्ण केली. मग एवढा मोठा श्वास सोडला की मी मागं सरकलो. "सुटले बगा साहेब. काल हार घातलाव तवा मला वाटलं, आता मेले. आता मुख्य झाल्यावर कसं सांगू, की दिसत न्हाई म्हनून?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"डोळं माजे हायत की. दोन म्हैनं झालं, पास्टरअप्पाला इचारायलेय साहेबाला कसं सांगू. त्ये म्हनतेत, मला म्हणून दाखव. टॉवेल गळ्याला टायवानी बांधून बसतेत, तुमी होऊन. तुमच्यावानीच प्येन ठोकतेत टेबलावर. 'बसा, बसा, काय अडचण आहे?' असं बोलतेत. मला हसूच येतंय. मग सांगायचं ऱ्हाऊन जातंय."

दोन महिने! मला पदराला सांगता येत नव्हतं आणि तिला टायला. आणि टॉवेल एकच.

तिची एकच अट होती, आदेश कानडीत हवा. नात निर्ण्याला कानडी शाळेत जाते, तिच्याकडून वाचून घ्यायचा होता. मी कमलनगरचा, माझी कानडी बाजारापुरती. तो कागद मी तीनदा लिहिला. त्यात 'आवश्यकता' हा शब्द कुठं बसेना, म्हणून 'तुमच्या डोळ्यांना आता विश्रांती पाहिजे' असं लिहिलं. तेच खरं होतं.

बाहेर आलो तो पास्टरांवर तडकलो. "तुम्हाला दोन महिने माहीत होतं! मला सांगितलं का नाही?"

ते मोपेड ढकलू लागले. मीही बरोबर चालू लागलो. प्रार्थनेच्या खोलीशी ती टेकवून आत शिरले. मग म्हणाले, "तिनं इस्वासानं सांगितलेलं तुमाला कसं सांगू? तिनंच तोंड उघडावं म्हनून थांबलो. रोज वाटायचं, आज सांगल. आन काल पट्ट्या बदलल्या." ते स्टुलासमोर उभे राहिले. "आपलं बरोबर हाय का चूक, मलाबी कळंना अण्णा. समदी मला म्हणून दाखवतेत. मी कुनाला म्हणून दाखवू?"

माझ्या आयुष्यात न शिकवता सुचलेली हीच एक गोष्ट. मी खिळ्यावरचा टॉवेल काढला. "कोण होऊ?"

त्यांनी बराच विचार केला. "त्या दोन लेकरांतल्या एकाची आई व्हा."

मी पदर घेतला आणि स्टुलावर बसलो. ते काय म्हणाले, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी, ज्याला दुपारी ऐकलेलं संध्याकाळपर्यंत पोटात ठेवता येत नाही.

पास्टर निवृत्त होऊन औरादकडं लेकीच्या गावी गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. बैठकीच्या सुरुवातीला आता मोबाइलवर प्रार्थना लावतात. दीड मिनिटाची आहे, भांडणाला पुरत नाही. गेल्या आठवड्यात ठराव झाला की पास्टरांचं पद रद्द, आणि प्रार्थनेच्या खोलीत तपासणीचं नवं मशीन बसवायचं. पत्र पाठवायला मला सांगितलं. मी फोन केला.

"अवघड दिसायलंय काहीतरी," पलीकडून आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक. "थांबा, टॉवेल घेतो. कोन होऊ?"

"या वेळी कुणी होऊ नका पास्टर. तुम्हीच राहा."

पलीकडं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं. म्हणा."

मी म्हणालो. अडखळलो नाही, पावसापाण्यावर गेलो नाही. ठराव मी अडवला नाही, हेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी थांबलो तसं नेहमीचं "मग?" आलं नाही.

"नीट म्हणालाव अण्णा," ते म्हणाले. "वांग्याला पानी घालायलाव का न्हाई?"